फाटक उघडण्याचे शास्त्र



१६ मार्च २०२० चा सोमवार. गुजरात सरकारच्या आदेशाने त्या दिवसापासून आपल्या राज्यातील शाळा बंद झाल्या. योगायोगाने त्याच सोमवारपासून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ हे जगप्रसिद्ध मनोरंजन उद्यानही बंद झाले. पुढे काय झाले ते पाहा. डिस्ने वर्ल्डमधील पहिली दोन उद्याने ११ जुलै २०२० रोजी, म्हणजे चार महिन्यांच्या आत उघडली. आपल्याकडे पहिली ते पाचवीचे वर्ग २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे वीस महिन्यांनी भरले.

ही तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल. फ्लोरिडा वेगळे, वडोदरा वेगळे. उद्यानात गेले नाही तरी चालते आणि शाळेत जावेच लागते, हेही खरे. आम्हांला त्या कंपनीचे गोडवे गायचे नाहीत. उद्यान उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडात पंधरा हजारांहून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली होती आणि या घाईवर तेथे टीकाही झाली. तरीही या उद्यानांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे आमचे मत आहे. बंद करायला एक हुकूम पुरतो, उघडायला मात्र आराखडा लागतो. हा आराखडा कसा करतात, हे जगातील मनोरंजन उद्यानांनी त्या दोन वर्षांत दाखवून दिले.

सुरुवात शांघायपासून झाली. तेथील डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि ११ मे रोजी पुन्हा उघडले. उघडताना पहिला प्रश्न होता, माणसे किती घ्यायची? एरवी तेथे दिवसाला सुमारे ८० हजार माणसे मावतात. सरकारने ३० टक्क्यांची, म्हणजे सुमारे २४ हजारांची मर्यादा घातली. व्यवस्थापनाने प्रत्यक्षात त्याहूनही कमी माणसांपासून सुरुवात केली. तिकिटे तारीख घालून आधीच विकली, म्हणजे आयत्या वेळी फाटकावर गर्दी नको. रांगेत उभे राहण्याच्या जागी जमिनीवर खुणा केल्या. मिरवणूक आणि आतषबाजी थांबवली. मिकी आणि मिनी यांना मुलांनी मिठी मारायची नाही, त्यांनी दुरूनच हात हलवायचा, असे ठरले.

यात एक क्रम आहे. आधी आकडा ठरला, मग जागा आखली आणि शेवटी काय सोडायचे व काय राखायचे ते ठरवले. मिरवणूक नसली तरी उद्यान उद्यानच राहते, पाळणे बंद ठेवले तर मात्र ते उद्यान राहत नाही. आपल्या कामाचा गाभा कोणता, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच बाकीचे बाजूला ठेवता येते. शाळेचा गाभा कोणता? स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव, सहल हे सारे आम्हांला प्रिय आहे, पण ते वर्षभर थांबू शकते. बाईंसमोर बसून पाटीवर अक्षर गिरवणे थांबू शकत नाही.

दुसरे उदाहरण जपानचे. तेथील उद्यानांच्या संघटनांनी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत उंच पाळण्यांवर आरडाओरडा करू नये, अशीही एक सूचना होती, कारण ओरडताना तोंडातून तुषार उडतात. आता ७९ मीटर उंच ‘फुजियामा’ पाळण्यावर बसून गप्प राहायचे कसे? लोकांनी हे अशक्य म्हटले. तेव्हा फुजी-क्यू हायलँड या उद्यानाच्या दोन अधिकाऱ्यांनी तोंडाला मास्क लावला, ते त्याच पाळण्यावर बसले आणि खालवर भिरभिरताना त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. त्याची चित्रफीत त्यांनी जुलै २०२० च्या सुमारास लोकांसमोर ठेवली. मनातल्या मनात ओरडा, एवढीच त्यांची विनंती होती. मग गंभीर चेहऱ्याने पाळण्यावर बसणे हाच लोकांचा खेळ झाला.

मुलांनो, ही गोष्ट गमतीची आहे, पण मोठ्यांनीही ती ध्यानात ठेवावी. नियम फलकावर लिहून भागत नाही. लिहिणाऱ्याने तो आधी स्वतः पाळून दाखवावा लागतो आणि जमल्यास त्यात थोडी मौज आणावी लागते. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ असे असले की पाचवीतले मूलसुद्धा ते ओळखते.

नियमातील पळवाटा बुजवण्याचेही एक उदाहरण आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये मास्क सक्तीचा होता, खातापिताना तेवढी सूट होती. लोक हातात पेयाचा पेला धरून मास्कविना हिंडू लागले. आठवडाभरातच नियम सुधारला गेला. खायचे असेल तर एका जागी थांबून खा, चालताना नाही. याउलट त्याच उद्यानात डिसेंबर २०२० मध्ये एक चुकीचा प्रयोगही झाला. पाळण्यावर बसलेल्यांची छायाचित्रे तेथे काढली जातात. ज्यांनी मास्क लावला नव्हता, त्यांच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर संगणकाने मास्क रंगवून छायाचित्रे दिली गेली. बोभाटा झाल्यावर हे थांबले. प्रत्यक्षात नाही, पण चित्रात आहे, अशी ही शिस्त. आपल्याकडेही हजेरीपत्रकात भरलेले आणि वर्गात न भरलेले असे कितीतरी असते. कागद नीटनेटका ठेवण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होतो आणि तो वेळीच आवरावा लागतो.

सर्वांत मोठा धडा मात्र आम्हांला नियम मागे घेण्यात दिसतो. सुरुवातीला सगळीकडे फाटकावर ताप मोजत आणि पाळण्यांचे दांडे सारखे पुसत. पुढे कळले की ताप नसलेला माणूसही आजार पसरवतो आणि हा विषाणू वस्तूंच्या स्पर्शापेक्षा कोंदट हवेतून अधिक पसरतो. स्पर्शाने होणारा धोका थोडा असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले. मे २०२१ मध्ये डिस्ने वर्ल्डने तपमान मोजणे बंद केले आणि मोकळ्या जागेत मास्क ऐच्छिक केला. बंद जागेत तो काही काळ तसाच ठेवला. कारण संपले की नियम संपला आणि कारण उरले तेथे तो उरला. आपल्याकडे नियम करताना मोठी सभा भरते, तो काढायला मात्र कोणी सभा बोलावत नाही.

उघडणे म्हणजे कायमचे उघडणे नव्हे, हेही या उद्यानांनी पत्करले. हाँगकाँगचे डिस्नेलँड १८ जून २०२० ला उघडले, १५ जुलैला पुन्हा मिटले, २५ सप्टेंबरला उघडले, २ डिसेंबरला पुन्हा मिटले आणि १९ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा उघडले. शांघायला ३१ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी, येऊन गेलेल्या एका व्यक्तीला लागण झाल्याचे कळताच फाटके लावून घेतली गेली आणि आत असलेल्या सुमारे ३४ हजार लोकांची तपासणी करूनच त्यांना बाहेर सोडले. असा कडकपणा आम्ही कोणाला सुचवणार नाही, मुलाबाळांसह आलेल्यांचे त्या रात्री काय झाले असेल ते कल्पनेनेच जाणावे. पण बंद करण्याची आणि पुन्हा उघडण्याची रीत दोन्ही आधी ठरलेल्या असल्या, तर दर वेळी नव्याने गोंधळ होत नाही, एवढे यातून घ्यावे. आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये पहिली ते नववीचे वर्ग पुन्हा बंद झाले आणि ७ फेब्रुवारीला सुरू झाले. दोन्ही वेळा पालकांना बातमी कळली ती दूरदर्शनवरून नाहीतर मोबाइलवरून.

आता या साऱ्याची दुसरी बाजू. उद्याने इतक्या लवकर का उघडली? मुलांच्या आनंदाची चिंता होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बंद असलेला प्रत्येक दिवस ताळेबंदात तोटा म्हणून उमटत होता. तरीही त्या तोट्याचा भार शेवटी पडला तो लहान माणसावर. सप्टेंबर २०२० मध्ये डिस्ने कंपनीने अमेरिकेतील आपल्या उद्यान विभागातून सुमारे २८ हजार जणांना कमी करण्याची घोषणा केली. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश अर्धवेळ कामगार होते. शाळा बंद असताना आपल्याकडे रिक्षावाल्या काकांचे, व्हॅनवाल्यांचे आणि फाटकाबाहेर बोरे-चिंचा विकणाऱ्या मावशींचे काय झाले, याचा हिशोब कोणत्या वहीत लिहिला गेला? कोणत्याच नाही.

आणि मुलांचा तोटा? तोही कोणत्याच वहीत नाही. आमच्या मते शाळा सर्वांत शेवटी उघडण्याचे हेच खरे कारण आहे. ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशाने केंद्र सरकारने १५ ऑक्टोबरपासून मनोरंजन उद्यानांना परवानगी दिली आणि त्यासाठी आरोग्य मंत्रालयाने सविस्तर कार्यपद्धतीही काढली. शाळांचा निर्णय त्याच आदेशाने राज्यांवर सोपवला. राज्यांनी सावधपणा दाखवला. २०२१ च्या उन्हाळ्यातली दुसरी लाट ज्यांनी घरात सोसली ते त्या सावधपणाला नावे ठेवणार नाहीत, आम्हीही ठेवत नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडदेखील राज्याच्या नियमांमुळे १४ मार्च २०२० पासून ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंदच होते. पण त्या मोकळ्या वेळात त्याच्या वाहनतळावर जानेवारी २०२१ पासून लसीकरण केंद्र चालले. बंद राहूनही काम करता येते, ते असे.

आमचा आक्षेप थांबण्याला नाही, नुसते हातावर हात ठेवून थांबण्याला आहे. आपल्यासारख्या शाळेचे नुकसान तर दुहेरी झाले. जून २०२० मध्ये जे मूल पहिलीत आले, ते वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा दुसरीत होते. महाराष्ट्रातल्या मुलाला रस्त्यावर, दुकानावर, बसवर देवनागरी अक्षरे दिसतात. वडोदऱ्यातल्या मराठी मुलाला घराबाहेर पडताच गुजराती पाट्या दिसतात, त्या अक्षरांवर शिरोरेषा नसते. मराठी लिहिण्याची सवय त्याला लागते ती शाळेत, जोडाक्षरांचे शुद्धलेखन काढतानाच. घरात एकच मोबाइल आणि तो बाबांबरोबर कामावर गेलेला, अशा कुटुंबांत ही सवय लागायची कशी? ही मुले आज वरच्या वर्गांत आहेत. काहींच्या वहीत ओळीच्या मध्येच गुजराती वळणाचे अक्षर येते. त्यात त्या मुलांचा दोष नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ हा आपला स्वभाव बाजूला ठेवून, शांत काळातच दोन पानांचा एक आराखडा लिहून ठेवावा. साथ येवो, पूर येवो किंवा आणखी काही येवो, शाळा बंद करावी लागली तर ती पुन्हा कशी उघडायची, हे त्यात असावे. प्रत्येक वर्गात अंतर ठेवून किती मुले बसतील, हा आकडा आजच मोजून ठेवावा. त्यावरून तुकड्या आणि वार ठरतील. गंजून बसलेल्या खिडक्या या सुट्टीत उघडत्या कराव्यात, त्या पुढे सॅनिटायझरच्या बाटल्यांहून अधिक उपयोगी पडतील. वडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहरात सावलीची वाण नाही, तेव्हा मैदानात, झाडाखाली कोणते वर्ग भरू शकतील तेही पाहावे. सरकारी परवानगीच्या चौकटीत राहून सर्वांत धाकट्या मुलांना आधी बोलवावे, कारण मोबाइलवर शिकणे त्यांनाच सर्वांत कमी जमते. शिपाईदादा, सफाईच्या मावशी आणि रिक्षावाले काका यांच्यासाठी थोडा निधी राखून ठेवावा. शेवटचे म्हणजे, प्रत्येक नियमापुढे त्याच्या फेरविचाराची तारीख लिहावी.

आदेश देणे सरकारच्या हाती आहे आणि ते तसेच असावे. पण परवानगी ज्या दिवशी येईल, त्याच्या दुसऱ्या सकाळी घंटा वाजवता येईल इतकी तयारी ठेवणे आपल्या हाती आहे. उद्यानांनी हे पैशाच्या ओढीने केले. आपल्याला मुलांच्या ओढीने ते करता येऊ नये काय?

पालकांनी या आराखड्याविषयी आपल्या सूचना वर्गशिक्षकांकडे लेखी द्याव्यात. आणि मुलांनो, आपल्या वर्गातील कोणती खिडकी उघडत नाही, हे उद्याच पाहून बाईंना सांगा. कामाला तेथूनच सुरुवात करू.