पेटीचे तोंड नको, पाठ पाहा

आयाबायांनो आणि पोरींनो,

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या अंजूर-भिवंडीकडच्या घरांत खर्चाची यादी निघते. मांडव, वाजंत्री, हळदीचे जेवण, मानपानाच्या साड्या. अलीकडे या यादीत मेकअपचीही भर पडली आहे. आपल्याकडे हळदीची रात्र लग्नापेक्षाही जोरात होते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री नवरीबरोबर करवल्या, वहिन्या, शेजारच्या पोरी, साऱ्यांचेच डोळे रंगलेले असतात. पापणीवर लावायच्या या रंगाला आयशॅडो म्हणतात आणि दहा-बारा रंगांच्या चपट्या पेटीला पॅलेट.

घरातल्या म्हाताऱ्यांना हे थेर वाटतात. वाटोत बिचाऱ्यांना. अंजूर, माणकोली, दापोडे या पट्ट्यात भाताच्या शेतांवर गोदामे उभी राहिली आणि आपल्या कितीतरी लेकी तिथे कामाला जातात. दिवसभर उभे राहून माल भरणाऱ्या पोरीला आपल्या मजुरीतून एक पेटी घ्यावीशी वाटली, तर त्यात वावगे काय? विचारायचे ते एवढेच, की तिच्या घामाचा पैसा रंगाला जातो की नावाला?

दुकानात चार कंपन्यांच्या पेट्या शेजारी मांडलेल्या असतात. रंग तेच, आरसा तसाच. किंमत मात्र एकीची दुसरीच्या तिप्पट-चौपट. मग घ्यावी कोणती?

याचे उत्तर तुमच्या घरधन्याला आधीच ठाऊक आहे. युरियाच्या गोणीवर नाव कोणाचेही असो, साध्या युरियात नत्र ४६ टक्केच. १०:२६:२६ घेताना तो गोणीवरचे चित्र बघत नाही, आकडे बघतो. पेटीच्या पाठीवरही असेच आकडे बारीक अक्षरांत छापलेले असतात. ते वाचायला शिका.

‘सीआय’ या अक्षरांपुढे पाच आकडी क्रमांक दिसेल. तो रंगाचा जगभर चालणारा क्रमांक. ७७४९१ म्हणजे तांबडा, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. हे तिन्ही लोहाचे ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो, त्याचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच. फरक असा, की पेटीतला रंग शुद्ध केलेला असतो. म्हणून गेरू डोळ्याला लावू नका हो! ७७८९१ म्हणजे पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, ७७०१९ म्हणजे अभ्रक. चकाकी बहुधा या अभ्रकाची. बाकी भरणीला शंखजिऱ्याची पूड आणि ती दाबून बसवायला चिकट द्रव्य. माळकरी घरांनी ७५४७० हा क्रमांक लक्षात ठेवावा. तो लाल रंग एका किड्यापासून काढतात.

बदामी-तपकिरी रंगांची महाग पेटी आणि स्वस्त पेटी पालथ्या करून पाहा. पुष्कळदा दोन्हींवर हेच क्रमांक सापडतील.

परदेशातले एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या अर्बन डिके कंपनीने २०१० साली ‘नेकेड’ नावाची १२ मातकट रंगांची पेटी काढली. ती इतकी खपली की मागोमाग तशाच पेट्यांचे पीक आले. मेबलिननेही ‘द न्यूड्स’ नावाची १२ रंगांची पेटी काढली आणि ती कितीतरी स्वस्त विकली. आता गंमत ऐका. मेबलिन फ्रान्सच्या लॉरियालने १९९६ मध्येच घेतली होती आणि अर्बन डिकेही २०१२ मध्ये त्यांनीच घेतली. म्हणजे महाग गल्ला आणि स्वस्त गल्ला, दोन्ही एकाच घरचे. आपल्याकडची लॅक्मे १९५२ साली टाटांनी सुरू केली, पण १९९८ पासून ती हिंदुस्थान लिव्हरची, म्हणजे आजच्या हिंदुस्थान युनिलिव्हरची. नाव तेच राहते आणि मालक बदलतो, म्हणून नुसत्या नावावर भरवसा ठेवू नये.

मग महाग पेटी म्हणजे नुसती लूट का? तसेही नाही. चांगल्या पेटीत रंगाचा अंश जास्त आणि शंखजिरे कमी असू शकते. दळण बारीक असते, म्हणून रंग पापणीवर सारखा बसतो, गालावर झडत नाही. पण हे किंमत सांगत नाही, बोट सांगते. दुकानात नमुन्याची पेटी असेल तर स्वच्छ बोटाने रंग मनगटाच्या आतल्या बाजूला एकदाच ओढा. एका ओढीत रंग उमटला तर माल चांगला. चार वेळा घासावा लागला किंवा फुंकर मारताच उडाला, तर पैसे शंखजिऱ्याचे जातात. हा नमुना डोळ्याला मात्र लावू नका, त्यात दहाजणींची बोटे गेलेली असतात.

दुसरा हिशेब वजनाचा. पेटी मोठी, पण आत माल किती? समजा, एक पेटी ३०० रुपयांची आणि आत ९ ग्रॅम. दुसरी ४५० रुपयांची आणि आत १८ ग्रॅम. पहिली ग्रॅमला ३३ रुपये पडली, दुसरी २५. स्वस्त वाटली तीच महाग निघाली. पण घरात वर्षाला दोनच हळदी असतील तर १८ ग्रॅम घेऊन तरी करायचे काय? सहा रंगांची छोटी पेटी बरी.

तिसरी गोष्ट पैशाहून मोठी आहे, ती म्हणजे डोळा. पाठीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत हवीच. माल परदेशी असेल तर आणणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनात रंगासाठी शिसे व आर्सेनिकची संयुगे वापरायला बंदी आहे. ज्याच्यावर पत्ताच नाही, त्याला हा कायदा कोण लावणार? नामवंत पेटीची हुबेहूब नक्कल बाजारात पाव किमतीला मिळते, तिच्यापेक्षा अनोळखी कंपनीची पण परवाना असलेली साधी पेटी केव्हाही चांगली. पावती जपून ठेवा. माल संशयास्पद वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

पाठीवर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात १२ एम असे लिहिलेले असेल, तर उघडल्यापासून १२ महिन्यांत ती संपवायची. गेल्या लग्नाची पेटी या लग्नाला काढण्यापूर्वी हे पाहा. रांगोळीची किंवा कागदकामाची चमकी पापणीला लावू नका, तिच्या कडांनी बुबुळाला ओरखडा जातो. आणि एका पेटीत, एकाच ब्रशने साऱ्या वऱ्हाडाचे डोळे रंगवू नका. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची केवढी साथ आली होती, ते आठवा. एकीचे डोळे आलेले असले, तर पेटीतून ते घरोघर जातात. प्रत्येकीला कापसाचा वेगळा बोळा द्या, त्याला खर्च तो किती? रात्री कितीही उशीर होवो, रंग धुतल्याशिवाय निजू नका. डोळे खाजले वा लाल झाले तर रंग बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

पोरींनो, बी घेताना बाप पिशवी पालथी करून वाचतो. पेटी घेताना तुम्हीही तेच करा. दुकानदार हसला तर हसू द्या. पैसे तुमचे आहेत आणि डोळेही तुमचेच.