आईचा सुटा फोटो

बावीस वर्षं तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतेय. या धंद्यात बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं घर आपल्याकडे येऊन जातं. पण एक काम असं आहे, की ते आलं की अजूनही माझा हात जड होतो. कुणाचा तरी मुलगा अल्बम घेऊन येतो. "ताई, आई गेली. तेराव्याच्या आत फोटो मोठा करून द्या." अल्बम चाळावा तर वडिलांचे सुटे फोटो चार-पाच निघतात. आईचा एकही नाही. ती सापडते धाकट्या दिराच्या लग्नात, मागच्या रांगेत, पदर अर्ध्या कपाळावर आणि लक्ष पंगतीकडे. नाहीतर मग मतदार ओळखपत्र पुढे येतं. त्यावरचा चेहरा नखाएवढा. मोठा केला की डोळ्यांच्या जागी दोन डाग उरतात.

मग मी कॉम्प्युटरपुढे बसते. शेजारणीचा खांदा पुसायचा, मांडीवरचं पोर काढायचं, साडीचा काठ जुळवायचा, मागे आकाशी रंग भरायचा. नाक नीट दिसत नाही म्हणून मुलाला विचारावं, तर तो जरा थांबतो आणि म्हणतो, "साधंच होतं की."

हे असं का होतं? बाईचा सुटा फोटो निघतो तो स्थळासाठी. तोही तिच्यासाठी नसतोच, बघणाऱ्यांसाठी असतो. "जरा उजळ करा हं," असं हळूच सांगायला आई सोबत आलेली असते. त्यानंतर एकदम बँकेचं पासबुक, नाहीतर आधार कार्ड. मधली तीस वर्षं बाई फोटोत असते ती कुणाची तरी कुणी म्हणून. सुटा काढायची वेळ आली की म्हणते, "ह्यांचा काढा, मुलांचा काढा. माझा काही चांगला येत नाही."

हे वाक्य ऐकून ऐकून मी कंटाळलेय, म्हणून एकदा सांगूनच टाकते. दोष चेहऱ्याचा नसतो, उजेडाचा असतो. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा अंदाज एकत्र घेतो. मागे पांढराशुभ्र पडदा असला की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि तो कमी करतो. पडदा छान येतो, चेहरा काळवंडतो. त्यात दिवा बरोबर डोक्यावर असेल तर डोळ्यांखाली खड्डे दिसणारच. दिवा थोडा बाजूला आणि चेहऱ्याच्या जरा वर घ्यावा, दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरावा. सावळा चेहरा मग असा उठून येतो की उजळ करायचं कुणाच्या मनातही येत नाही. रंगीत फोटोंच्या छपाईतही हीच गोम होती. १९५०च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंग जुळवायला लॅबना एक कार्ड देई, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर फोटो गोऱ्या बाईचा. तिची कातडी नीट छापली गेली की छपाई नीट, असा हिशेब! आपण त्या हिशेबात नव्हतोच.

पूर्वी पडद्याची चाल होती, बायकांनी परक्या पुरुषासमोर बसायचं नाही. म्हणून राजा दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंना नेमलं. आता आपल्याकडे तो पडदा नाही, तरी स्टुलावर बसलं की बाई आक्रसते. म्हणून पहिली दहा मिनिटं मी कॅमेऱ्याला हातच लावत नाही. पदराला पिन लावते, चहा मागवते. सुनेची एखादी तक्रार सांगून झाली की खांदे आपोआप खाली येतात. बटण तेव्हा दाबायचं.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे की. आहे ना! आमचा निम्मा धंदा त्यानेच नेला. पण घरात मोबाइल धरून फोटो काढणारी बहुतेक वेळा आईच, म्हणजे ती पुन्हा फोटोच्या बाहेर. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता पाठवता फोटो बारीक होतो, आणि एक दिवस फोन बिघडला की तोही गेला.

तेव्हा मैत्रिणींनो, चाळिशी असो की सत्तरी, एकदा आपल्या गावातल्या स्टुडिओत जा. लग्नसराई सोडून जा, सकाळी, गर्दी नसताना. नेहमीची आवडती साडी नेसा, रोजचा चष्मा राहू द्या. "उजळ करू का?" असं विचारलं तर सरळ नको म्हणा. तुमच्या लेकीला पुढे तुमचाच रंग बघायचा असेल. एक प्रत कागदावर काढून घ्या आणि मागच्या बाजूला तारीख अन् स्वतःचं नाव लिहा. 'बंड्याची आई' असं नको, नाव लिहा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून चेहऱ्यावर उमटतो.