वेद लक्षात राहिले, वळ विसरले

पैठणच्या रेड्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण अर्धीच. ज्ञानेश्वरांनी त्याच्या तोंडून वेद वदवले, हे लक्षात राहतं. त्याआधी रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, हे सांगायचं राहून जातं.

यंत्राला जाणीव असते का, या वादातही हेच चाललंय. जून २०२२ मध्ये गूगलचा इंजिनिअर ब्लेक लेमॉइन म्हणाला, लॅम्डा या चॅटबॉटला जाणीव आहे. पुरावा काय? त्याच्याशी झालेल्या गप्पा! अहो, १९६६ मधली जोसेफ वायझेनबॉमची एलायझा तर समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायची. तरी लोक तिच्यापाशी मन मोकळं करायचे. माणसांनी लिहिलेल्या ढीगभर मजकुरावर तयार झालेलं यंत्र ‘मला भीती वाटते’ म्हणालं, तर त्यात नवल ते काय?

त्याच २०२२ मध्ये ब्रिटनने कायदा करून ऑक्टोपस, खेकडे, लॉब्स्टर यांना संवेदना असतात हे मान्य केलं. ते एक शब्दही बोलले नव्हते. अभ्यासकांनी त्यांची मज्जासंस्था पाहिली, इजा झाल्यावर ते कसे वागतात ते तपासलं.

यंत्राला जाणीव कधीच येणार नाही, असं मी म्हणत नाही. पण बोलणं हा तिचा पुरावा नव्हे. तो मानला, तर गोड बोलणाऱ्या ॲपला आपण जीव लावू आणि टेम्पोत कोंबलेल्या मुक्या जनावराकडे वळूनही बघणार नाही.

वेद कुणीही म्हणेल. मला आधी वळ दाखवा.