शिवराईवरचा डाग आणि चिंचेचे पाणी

१/ शिवराई हाती येताच ती चिंचेच्या पाण्यात बुडवायची, राखेने घासायची आणि लखलखीत नाण्याचे छायाचित्र अभिमानाने मिरवायचे, ही रीत तरुण संग्राहकांत रुजली आहे. तिला स्वच्छता म्हणणे चूक आहे; हा पुराव्याचा नाश आहे. #थ्रेड

२/ ताम्हण चिंचेने उजळणे योग्यच. ते झिजले तर दुसरे आणता येते. शिवराईचे तसे नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. हे नाणे पेशवाईतही पाडले जात होते आणि बहुतेकांवर ना साल, ना टांकसाळ. काळ ठरवायचा तो अक्षरांचे वळण, ठिपक्यांची मांडणी आणि वजन यांवरूनच.

३/ जुन्या तांब्यावर तांबूस ऑक्साइड आणि हिरवट कार्बोनेट यांचे थर चढतात. नाण्याचा मूळ पृष्ठभाग अनेकदा त्या थरांतच टिकून असतो. आम्ल थर विरघळवते, त्यासोबत अक्षरांच्या कडाही जातात. राख ओरखडे पाडते. वजन घटते ते वेगळेच.

४/ पुसट खुणांचे मोल जोगळटेंभीने दाखवले. नाशिकजवळच्या या गावी १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. वरच्या ठशाखाली नहपानाच्या खुणा उरल्या, म्हणूनच क्षहरातांचा पराभव नाण्यांवर वाचता आला. त्या कोणी घासून काढल्या असत्या तर?

५/ ‘मग डागाळलेले देऊन चकचकीत घ्यावे’, हा सल्ला तर अधिक घातक. शतकानुशतके हातोहात फिरलेले तांबे चकचकीत राहील कसे? असे नाणे बहुधा घासलेले असते, नाहीतर अलीकडे ओतलेले नकली. शिवाय आपले नाणे कुठून आले हे ठाऊक असेल, तर अदलाबदलीत तो धागाही तुटतो.

६/ अपवाद एकच. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर क्लोराइडमुळे तांबे आतून पोखरले जात आहे. असे नाणे कोरड्या जागी वेगळे ठेवून संवर्धनतज्ज्ञाकडे न्यावे. तेथेही चिंचेला स्थान नाही.

७/ नुसता डाग असेल, तर धूळ मऊ कुंचल्याने झटकावी, नाणे कडेला धरावे, वजन आणि प्राप्तिस्थान नोंदवून ठेवावे. चकाकी हवी असणाऱ्याने ताम्हण घासावे. शिवराईवरचा काळ पुसण्याचा अधिकार संग्राहकाला नाही. #इतिहास #नाणकशास्त्र