अमेरिकेची दारूबंदी : बाटली कोणाची फुटली ?

गांवांतील दारूचें दुकान उठवा असें म्हणावयाचा अवकाश, कीं शहरांतील शहाणी मंडळी अमेरिकेचा दाखला आमच्या तोंडावर फेंकतात. “तेथें सबंध राष्ट्रानें दारूबंदी केली आणि ती साफ फसली, तेव्हां तुम्ही खेडवळांनीं गप्प बसावें!” एवढें उपदेशामृत पाजून हे गृहस्थ आपल्या परवान्याच्या बाटलीकडे वळतात. दाखला देणारानें तो निदान पुरा वाचलेला असावा. त्यांनीं वाचला नसेल तर आम्ही वाचून दाखवितों.

बंदी मागितली कोणीं ? मागणाऱ्यांत तेथल्या बायाही होत्या. १८७४ सालीं त्यांनीं दारूविरुद्ध आपला संघ काढला. त्या वेडगळ म्हाताऱ्या होत्या असें लिहिण्याची आतां चाल पडली आहे. गिरणींतल्या नि खाणींतल्या मजुराचा पगार घरीं पोंचण्यापूर्वींच गुत्त्यांत जिरत होता, आणि पुष्कळ गुत्ते खुद्द बिअरच्या कारखानदारांच्या मुठींत होते. चुलीपुढें बसणारीला हें कळत होतें, टीकाकाराला कळत नाहीं ! तथापि बायांच्या रडण्यानें कायदे होत नसतात. सरकारच्या तिजोरीला दारूच्या कराचा मोठा टेकू होता. १९१३ सालीं प्राप्तीवर कर बसला, तेव्हां कोठें ती गरज सैल झाली. पुढें १९१७ सालीं जर्मनीशीं युद्ध जुंपलें. बिअरचे बडे कारखानदार बहुतेक जर्मन वंशाचे, त्यांची बाजू घ्यावयास कोणी धजेना. १६ जानेवारी १९१९ रोजीं घटनेची अठरावी दुरुस्ती मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून बंदी सुरू झाली.

आतां कायदा वाचा. दारू गाळणें गुन्हा, विकणें गुन्हा, वाहून नेणें गुन्हा. आणि पिणें ? तो गुन्हा नव्हे ! बंदीच्या आधीं विकत घेऊन घरांत भरून ठेवलेली दारू खुशाल प्यावी, पाहुण्यास पाजावी. मेख आहे ती येथें. ज्याच्या वाड्याला तळघर आणि बँकेंत पैसा, त्यानें मधल्या वर्षाच्या मुदतींत तळघर भरून घेतलें. रोजच्या मजुरींतून पेलाभर घेणारा काय भरणार ? अध्यक्ष विल्सन १९२१ सालीं पायउतार झाले तेव्हां त्यांचा साठा त्यांच्या नव्या घरीं गेला. त्यांच्या जागीं आलेल्या हार्डिंगसाहेबांच्या पत्त्यांच्या बैठकींत, राष्ट्राध्यक्षांच्याच वाड्यांत, व्हिस्की चाले. शिवाय डॉक्टरची फी देण्याची ऐपत असली कीं औषध म्हणून व्हिस्कीची चिठ्ठी मिळे. गुन्हा एक आणि दंड मात्र वर्ण पाहून, ही मनुस्मृतींतली तऱ्हा ज्यांच्या वाडवडिलांनीं पाठीवर सोसली, त्या आमच्या वाचकांस ही युक्ति निराळी समजावून सांगावयास नको.

मग कायद्याचा सोटा कोणाच्या पाठींत बसला ? कारखान्यांत लागणारें स्पिरिट कोणी पिऊं नये म्हणून सरकारी हुकुमानें त्यांत विष मिसळीत. तें चोरून पिण्यांत जातें हें पक्कें ठाऊक असतां १९२७ पासून तें विष अधिक जालीम केलें. श्रीमंताकडे कॅनडांतून अस्सल माल येई. विषाची बाटली गल्लींतल्याच्या वांट्यास. १९२८ सालीं मिशिगन संस्थानांत दहा लेकरांच्या आईला थोड्याशा जिनपायीं, चौथा गुन्हा म्हणून, जन्मठेप ठोठावली. (चौफेर ओरड झाल्यावर पुढें ती कमी केली.) १९३० सालीं बॉस्टनच्या दोघां व्यापाऱ्यांनीं आल्याच्या औषधी अर्कांत कारखान्यांतलें रसायन घातलें, तो स्वस्त अर्क पिणारे हजारों गोरगरीब, गोरे नि काळे, पायांनीं लुळे झाले. त्या व्यापाऱ्यांना प्रथम शिक्षा काय ? हजार हजार डॉलर दंड आणि स्थगित ठेवलेली कैद ! शिकागोच्या अल कपोनला १९३१ सालीं शिक्षा झाली तीही दारूबद्दल नव्हे, प्राप्तीवरील कर बुडविला म्हणून.

इतकें असूनही बंदी “साफ फसली” हें खरें नाहीं. पहिल्या कांहीं वर्षांत पिणें पुष्कळ उतरलें, यकृताच्या रोगानें होणारे मृत्यु घटले. दारू महाग झाली, आणि महाग वस्तु गरीब सोडतो. कांहीं मजुरांच्या घरीं तरी पगार पोंचला असेल ! ही ओळ शहाण्यांच्या दाखल्यांतून नेमकी गळते.

आणि बंदी उठविली कोणीं ? त्या चळवळीला ड्यू पाँ घराण्यासारख्या कोट्यधीशांनीं पैसा पुरविला. त्यांचा हिशेब सरळ होता : मजुराच्या पेल्यावर पुन्हां कर बसला म्हणजे आपल्या प्राप्तीवरील कर उठेल. १९२९ च्या मंदीनें तिजोरी खडखडली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजीं बंदी गेली. प्राप्तीवरील कर कांहीं गेला नाहीं, ही शेटजींची फजिती आम्ही आनंदानें नमूद करतों.

आतां घरचें. जोतीराव फुल्यांनीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. आमची मागणी कोणा परक्याची उसनी नव्हे. १९४९ सालीं मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला, त्यांतही परवान्याचें भोंक ठेवलें होतेंच, आणि त्या भोंकाचा आज दरवाजा झाला आहे. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरावर माणसें मेलीं, तीं परवानेवालीं नव्हतीं.

राहिला स्त्रियांच्या मताचा हक्क. आडवी बाटली निवडून येण्यासाठीं मत देणाऱ्या बायांचें बहुमत पुरत नाहीं. यादींतील एकूण स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, माहेरीं बाळंत झालेली, मेलेली पण नांव न कापलेली, या सर्व जणी दुकानदाराच्या पारड्यांत ! आमदार निवडतांना हें गणित कोणी लावतो काय ? जितक्या मतें देतील त्यांतलें बहुमत धरावें, आणि मतदान ऊसतोडीच्या हंगामांत ठेवूं नये, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेनें करून वरती धाडावा.