लिंबूटिंबू नको, गडी हवा

शारीरिक शिक्षणाचा तास लागतो, वर्ग मैदानावर पळतो आणि एक दिव्यांग मूल दप्तरं राखत ओट्यावर बसतं. फार तर गुण लिहायला खडू त्याच्या हाती मिळतो. गुरुजींच्या मनात वाईट काही नसतं. त्या मुलाला खेळवायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. हिंगोली जिल्ह्यातल्या शिक्षकांना ते दाखवा, असं म्हटलं की आक्षेप येतात. ते बहुतेक शिक्षकांचेच असतात, म्हणून ते झटकून टाकता येत नाहीत.

पहिला आक्षेप, हे काम विशेष शिक्षकाचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढे १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. ते मिळालंच पाहिजे. पण सेनगाव-औंढ्याकडच्या एखाद्या वाडीतल्या दोनशिक्षकी शाळेत असं मूल एखादंच असणार. तिथे विशेष शिक्षक रोज कसा पोचेल? क्रीडाशिक्षकाचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर गेला तरच शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो. म्हणजे लहान शाळेत मैदानावर उभे असतात ते गणित आणि भाषा शिकवणारे गुरुजीच. प्रशिक्षण द्यायचं ते त्यांना.

दुसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: काही इजा झाली तर? ही भीती खरी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोलांटउडी मारायला लावू नये. हिमोफिलियाच्या मुलाला कबड्डीतली पकड नको. फिट येणाऱ्या मुलाला उंचावर किंवा पाण्यात एकटं सोडू नये, धावायला मात्र बहुतेकदा हरकत नसते. आता सांगा, यातलं काहीच ठाऊक नसलेला शिक्षक मुलाला जास्त सुरक्षित ठेवील की ठाऊक असलेला? आणि ओट्यावर बसवून ठेवण्यातही इजा आहेच. वर्षानुवर्षं बसलेल्या मुलाचे स्नायू आखडतात, दम कमी होतो. ती इजा हळूहळू होते, म्हणून तिचा जाब कुणी विचारत नाही.

पैशाचं फार बोलायला नको. समग्र शिक्षामध्ये प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांची तरतूद आहे. चेंडू कॅरीबॅगेत गुंडाळला की सळसळतो, न दिसणाऱ्या मुलाला त्याचा माग लागतो. पोळ्याच्या बाजारातली घुंगरंही त्याच कामाची. शेतातल्या जुन्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा मांडीवर तिरपा धरला, तर हात नीट न वळणारी मुलगीही त्यावरून चेंडू सोडून नेम धरू शकते. पॅरालिम्पिकमधल्या बोचा या खेळातले काही खेळाडू याच धर्तीवर खेळतात.

मग कुणी मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतं. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळालं ते जिद्दीवर, प्रशिक्षणावर नव्हे, असं म्हणतात. पेटकरांची जिद्द मोठीच. पण १९६५ च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी ते सैन्यातले बॉक्सर होते. अंगात खेळ आधीच मुरलेला होता. जे मूल अपंगत्व घेऊनच पहिलीत येतं, त्याला ती पहिली ओळख शाळेनेच करून द्यायची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ शाळांना नेमकं हेच सांगतं: खेळाची आणि करमणुकीची संधी, इतरांच्या बरोबरीने.

बरोबरीने म्हणजे काय, हे आपल्या गल्लीतल्या खेळांना चांगलं कळतं. लहान भावंडाला आपण लिंबूटिंबू म्हणून घेतो. ते पळतं, हसतं, पण बाद होत नाही. चार वर्षांच्या पोराला ते पुरतं. दहा वर्षांच्या मुलीला नाही, तिला आपण मोजले जात नाही हे कळतं. बाद होऊ शकतो तोच गडी. उलट लंगडीत नियमच धडधाकट मुलाचा एक पाय काढून घेतो, आंधळ्या कोशिंबिरीत राज्य असलेल्याचे डोळे. खेळ रंगावा म्हणून नियम वाकवणं आपल्याला नवं नाही. खो-खो घ्या. खो पाठीला हात लावून आणि तोंडाने उच्चारून, दोन्ही रीतींनी द्यायचा असतो. ऐकू न येणाऱ्याला स्पर्श पुरतो, अंधुक दिसणाऱ्याला आवाज. कुबडी घेतलेल्या मुलीला खो मिळाला, तर तेवढ्यापुरतं समोरच्याने लंगडी घालत पळायचं, एवढा एक नियम वाढवा. ती पकडेलही आणि तिच्यावर पळण्याची पाळी आली की बादही होईल.

हे सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून शिकवता येत नाही. केंद्राची शिक्षण परिषद होते, त्यातला अर्धा दिवस मैदानावर घ्या. त्या केंद्रातल्या शाळांमधली दिव्यांग मुलं पालकांना विचारून बोलवा, विशेष शिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट सोबत ठेवा, आणि नियम कुठे वाकवायचा ते त्या मुलांनाच आधी विचारा. महिन्याभराने केंद्रप्रमुखांनी शाळेत जावं. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं पाहण्याआधी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावं, की ओट्यावर दप्तरांपाशी अजून कुणी बसलेलं आहे का.