यादी वरून मनाने भरा, खालून खिशाने

नीटचा निकाल लागला की आमच्या हिंगोलीकडून फोन सुरू होतात. पोरगा किंवा पोरगी बारावी झालेली, मार्क बरे आलेले, आणि घरात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून मी एकटाच ओळखीचा. "तू फॉर्मचं बघ बाबा, आम्हाला ते क्लिक-बिक जमत नाही." क्लिक-बिक सोपं असतं हो! अवघड असते ती कॉलेजांची यादी. कुठलं कॉलेज कितव्या नंबरवर लिहायचं, कुठलं लिहायचंच नाही. आणि ही यादी आपल्याकडे बहुतेक घरांत चुकीच्या बाजूने भित्री आणि चुकीच्या बाजूने धाडसी असते, असं माझं ठाम मत आहे. या वीकेंडला तेवढंच लिहायचं ठरवलंय.

आधी एक गंमत. अमेरिकेतली मुलं कॉलेजांची यादी करताना तीन भाग करतात. 'रीच' म्हणजे हात लांब करून मिळालं तर मिळालं असं कॉलेज, 'मॅच' म्हणजे आपल्या मार्कांना साजेसं, आणि 'सेफ्टी' म्हणजे नक्की मिळणारं. तिथे डॉक्टर व्हायचं तर आधी साधारण चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल स्कूल. अर्ज दोन वेळा करायचे, आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक कॉलेजाची अर्जाची फी वेगळी. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याने 'रीच' कॉलेजं किती लिहायची हा खरंच हिशोबाचा प्रश्न असतो.

आपल्याकडे तसं नाही. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलचा एक फॉर्म, आणि देशभरातल्या १५ टक्के कोट्यासाठी, एम्ससाठी वगैरे एमसीसीचा दुसरा. एकदा नोंदणी केली की यादीत पाच शासकीय कॉलेजं लिहा नाहीतर चाळीस, खर्च तोच. 'रीच' कॉलेज लिहायला एक रुपया जास्त लागत नाही. तरीसुद्धा लोक लिहीत नाहीत!

"अरे, केईएम-बिईएम कशाला लिहितोस? भेटणार थोडंच हाय! तेवढ्यात नांदेड हातचं जायचं." हे वाक्य मी मामांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. यामागची भीती अशी, की वर मोठं नाव लिहिलं आणि ते हुकलं, तर खालचं नांदेड दुसऱ्या कुणाला जाईल. म्हणून यादीची सुरुवातच नांदेडपासून.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. जागावाटपाचं लॉजिक म्हणजे एक साधा फॉर लूप आहे. मेरिट लिस्टमधला पहिला विद्यार्थी घ्या. त्याची यादी वरून खाली वाचा. त्याच्या प्रवर्गात जी पहिली रिकामी जागा सापडेल ती त्याला द्या. मग दुसरा विद्यार्थी, मग तिसरा. आरक्षणाचे थर आहेत, त्यामुळे प्रत्यक्षातला कोड लांबलचक असेल, पण गाभा हाच. म्हणजे तुमचा नंबर येतो तेव्हा तुमची अख्खी यादी वाचली जाते. केईएम भरलेलं असेल तर प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जातो. तुमच्या मागच्या रँकवाला नांदेड पहिल्या नंबरवर लिहून बसला असेल, तरी त्याची पाळी तुमच्यानंतरच येणार. वर दहा 'अशक्य' कॉलेजं लिहिल्याने अकरावं कॉलेज हातचं जात नाही. जाऊच शकत नाही.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही हां. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळांच्या जागा २००५ पर्यंत वेगळ्या पद्धतीने वाटत. आधी सगळ्यांची पहिली पसंती बघायची आणि जागा भरून टाकायच्या, मग उरलेल्यात दुसरी पसंती. तिथे पहिल्या नंबरवर स्वप्नातली शाळा लिहिणं खरंच महागात पडायचं. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर त्यांनी पद्धत बदलली. त्यातल्या अल्विन रॉथना, लॉइड शॅप्लींबरोबर, २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या कामासाठी. आमच्या मामांची भीती बोस्टनमध्ये बरोबर ठरली असती. हिंगोलीत ती चूक आहे. :-)

या भीतीला अजून एक जुनं कारण आहे, आणि ते मात्र खरं होतं. २०२० पर्यंत महाराष्ट्रात ७०:३० चा फॉर्म्युला होता. मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग. विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, आणि बाकी ३० टक्के राज्यभरासाठी. मराठवाड्यात तेव्हा शासकीय कॉलेजं चारच होती: औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत आपल्या पोरांना त्या ३० टक्क्यांतूनच शिरावं लागायचं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हा फॉर्म्युला रद्द केला. आता राज्याच्या कोट्यात हिंगोलीची मुलगी आणि दादरची मुलगी एकाच लिस्टमध्ये उभ्या असतात. पण गावात सल्ला देणारा जो 'अनुभवी' दादा असतो, त्याचं ॲडमिशन २०१७ चं! त्याचा अनुभव खरा, पण नियम मेलेला.

दुसरीकडे घराजवळचे पर्यायही वाढलेत. धाराशिव २०२२ ला सुरू झालं, परभणी २०२३ ला, आणि २०२४ मध्ये जालना आणि आपलं हिंगोली. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा, आणि आज तिथे एमबीबीएस शिकता येतं, ही अभिमानाची गोष्ट आहेच. घरून डबा येईल, आजारी पडलं तर आई तासाभरात पोहोचेल, हे फायदे छोटे नाहीत. पण नवं कॉलेज स्थिरावायला वेळ लागतो. प्राध्यापक, विभाग, वसतिगृह, सीनिअर मुलं, सगळंच हळूहळू उभं राहतं. अंबाजोगाई १९७४ पासून आहे, नांदेड १९८८ पासून, केईएमचं सेठ जी. एस. कॉलेज तर १९२६ पासून. मेडिकलचं निम्मं शिक्षण पेशंटच्या खाटेशेजारी होतं. जुन्या, गर्दीच्या हॉस्पिटलात ते जास्त होतं, एवढं साधं गणित आहे.

आणि शासकीय कॉलेजांत फीच्या बाबतीत 'रीच' आणि 'सेफ्टी' यांत फारसा फरकच नाही! खुल्या प्रवर्गाला साधारण सव्वा ते दीड लाख वर्षाला, हिंगोलीत काय नि मुंबईत काय. राहण्या-खाण्याचा खर्च मुंबईत जास्त येईल हे मान्य, पण वसतिगृह मिळालं तर तोही आवाक्यात राहतो. नागपूरच्या एम्समध्ये तर फी काही हजारांतच. मग यादी वरच्या बाजूला आखडती का घ्यायची?

मुलींच्या बाबतीत हे आखडतेपण जास्त दिसतं. तिची यादी रँकवर कापली जात नाही, किलोमीटरवर कापली जाते. "नांदेडच्या पुढं नको." लातूरला दोन वर्षं नीटच्या क्लाससाठी एकटी राहिलेली, मेस नि रूम सांभाळलेली मुलगी सरकारी वसतिगृहात राहू शकणार नाही, हे मला काही पटत नाही. घरच्यांची काळजी खोटी नसते. पण त्या काळजीची किंमत कोण मोजतंय हे तरी बघावं.

हे झालं भित्र्या बाजूचं. आता धाडसी बाजू.

वरती केईएम लिहायला घाबरणारं हेच घर यादीच्या तळाशी मात्र बिनधास्त खाजगी कॉलेजं भरतं. "असू दे, सेफ्टी म्हणून. एमबीबीएस तर पक्कं होईल." इथे प्रोग्रॅम तुमचा खिसा तपासत नाही. त्याला फक्त रँक आणि यादी कळते. तुम्ही लिहिलंय म्हणजे तुम्हाला हवंय, असं तो धरतो आणि देऊन टाकतो. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती साधारण सात-आठ लाखांपासून पंधरा-सोळा लाखांपर्यंत जाते, दर वर्षी. संस्थात्मक कोट्यात त्याच्या काही पट. अभिमत विद्यापीठांत काही ठिकाणी वर्षाला पंचवीस लाखांच्या वर. एमसीसीकडे अभिमतसाठी नाव नोंदवायचं तर अनामतच दोन लाख ठेवावी लागते. तिथेच अंदाज यावा.

करा हिशोब. वर्षाला बारा लाख धरले तर साडेचार वर्षांचे ५४ लाख. शासकीयमध्ये तेच पावणेसात लाखांच्या आसपास. ५४ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना ७१ हजारांच्या पुढे, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. नव्या एमबीबीएस डॉक्टरचा सुरुवातीचा पगार हप्त्यातच गेला समजा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आपल्याकडे तारण म्हणजे शेत. वसमतकडची हळदीची चार एकरं गहाण पडतात, आणि पोरगं फर्स्ट इयरला असतानाच त्याला कळतं की आपल्याला नापास व्हायची परवानगी नाही. शिवाय एमबीबीएसवर गाडी थांबत नाही. पुढे पीजी आहे, परत परीक्षा, परत वर्षं. सगळं बळ पहिल्याच ओव्हरात संपवलं तर पुढे काय?

सवलती आहेत, आणि त्या नीट माहीत हव्यात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटीसाठी वेगळ्या योजना आहेतच. पण यातली ग्यानबाची मेख अशी, की हे सगळं केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेला लागू. संस्थात्मक कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठाला नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाही. म्हणून यादीतलं प्रत्येक खाजगी कॉलेज लिहिण्याआधी त्याच्यापुढे एक आकडा लिहा: सवलत धरून, मेस-हॉस्टेल धरून, साडेचार वर्षांत घरातून जाणारे पैसे. आकडा झेपत नसेल तर तिथेच रेघ ओढा. रेघेखाली काहीही लिहायचं नाही.

"मग जागा हुकली तर?" हुकेल, कदाचित. पण न झेपणारी जागा मिळणं हे हुकण्यापेक्षा बरं नाही. पहिल्या फेरीत नियम सैल असतात, नंतर दोर आवळत जातो. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जाऊ शकते आणि पुढचं दारही बंद होऊ शकतं. दर वर्षीची माहितीपुस्तिका या एका मुद्द्यासाठी तरी शब्दन् शब्द वाचा. आणि अपग्रेडेशनचं लक्षात ठेवा: पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की हातातली आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीनंतरच्या यादीत फक्त तीच कॉलेजं ठेवा, जी आज हातात आहे त्याहून खरंच हवीत. आपल्या पद्धतीत 'रीच'ची किंमत मोजावी लागते ती फक्त इथे.

परदेशाचा पर्याय स्वस्त म्हणून सांगितला जातो. परत आल्यावर एफएमजीई पास व्हावी लागते, आणि अलीकडच्या वर्षांत त्यात पास होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा तिसऱ्या हिश्शाच्याही खाली राहिलंय. २०२२ मध्ये युक्रेनहून मुलं कशी परतली ते आपण टीव्हीवर पाहिलंच. जायचंच असेल तर हे सगळं धरून जा, 'तिकडं स्वस्तात होतं' एवढ्यावर नको.

थोडक्यात काय, तर मार्क कमी म्हणून यादी वरून छाटू नका, ते काम कॉम्प्युटर फुकटात करतो. पैसे कमी म्हणून यादी खालून छाटा, कारण ते काम तुमच्याशिवाय कुणीच करणार नाही. आणि शक्यतो ही यादी ज्याला शिकायचंय त्याने स्वतः लिहावी, बापाने शेजारी बसून आकडे सांगावेत. सतराव्या वर्षी घरातले पैसे किती आहेत हे कळणं वाईट नसतं. नंतर कळणं जास्त वाईट.

ता. क. - उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, अधिवास हे सगळं निकालाची वाट न बघता काढून ठेवा. तहसीलमधल्या रांगेला मात्र अजून फॉर लूप लागू झालेला नाही!